शाळा सुधारू म्हणणाऱ्यांच्या हाती शाळा आहे काय?

स्थानिक स्वराज्य संस्थांची निवडणूक आली की प्रत्येक जाहीरनाम्यात शाळेच्या वाट्याला एक परिच्छेद येतो. रस्ते, पाणी, गटारे, कचरा आणि दिवाबत्ती यांची यादी संपली की शेवटी केव्हातरी 'शाळांचा सर्वांगीण विकास' अवतरतो. तो लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ सांगता येत नाही आणि वाचणाराही तो विचारीत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपालिकांच्या आणि जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या निवडणुकांसाठी मतदान झाले. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मार्च २०२२ पासून लोकनियुक्त सभागृहच नव्हते. प्रभागरचना आणि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण यांच्या वादात जवळजवळ चार वर्षे प्रशासकांनी कारभार हाकला. बहुतेक जिल्हा परिषदांचीही तीच गत झाली. निवडणुका चार महिन्यांत उरकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी दिला, तेव्हा कोठे चक्रे हलू लागली. एवढ्या खंडानंतर तरी शाळांविषयी काही नेमके बोलले जाईल अशी अपेक्षा करणे गैर नव्हते. परंतु जाहीरनाम्यातला तो परिच्छेद जेथे होता तेथेच राहिला.

याचा दोष केवळ उमेदवारांच्या माथी मारणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. शाळेबद्दल उमेदवार जे बोलतो ते पोकळ का असते, याचे उत्तर त्याच्या स्वभावात जितके आहे त्याहून अधिक आपल्या व्यवस्थेत आहे. मतदाराने ज्याला शाळेचा जाब विचारावा, त्याच्या हातून शाळेचा कारभार गेल्या काही वर्षांत एकेक करून काढून घेण्यात आला आहे. जाब विचारण्याची जागाच उरली नाही, तर मतांतरे कशाविषयी व्हायची?

आश्वासनांचे तीन प्रकार

उमेदवारांच्या बोलण्याचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला वस्तूंचा. डिजिटल वर्ग, संगणक, टॅब, दप्तरे, बूट. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले, त्याचा केवढा गाजावाजा झाला हे अनेकांना आठवत असेल. वस्तू देण्यात गैर काही नाही. गरिबाच्या मुलाला चांगले दप्तर मिळाले तर आनंदच आहे. पण वस्तू विकत घेता येते, तिचे छायाचित्र काढता येते आणि तिची निविदाही काढता येते. म्हणून ती राजकारण्यांना प्रिय असते. इयत्ता तिसरीच्या मुलाला सलग वाचता येते काय, याचे छायाचित्र निघत नाही.

दुसरा प्रकार माध्यमाचा आणि मंडळाचा. महापालिकेच्या शाळेत इंग्रजी माध्यम आणू, केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम आणू, असे आश्वासन आता सर्वच पक्ष देतात. पालकांची ओढ तिकडे आहे हे खरे. परंतु मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ भाषांतून शाळा चालवीत आली आहे. त्यांपैकी ज्या माध्यमांचे वर्ग ओस पडत आहेत त्यांचे काय करणार, हे कोणी सांगत नाही. मराठीच्या नावाने मते मागणारेही मराठी शाळेच्या पटसंख्येविषयी बोलताना आवाज खाली आणतात.

तिसरा प्रकार मौनाचा, आणि तोच सर्वांत बोलका आहे. शिक्षकांच्या रिकाम्या जागा, एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता, शाळा बंद करण्याचे प्रस्ताव, वीजबिल न भरल्याने तोडलेली जोडणी, शिक्षकांच्या गळ्यात बांधलेली मतदारयादीची आणि सर्वेक्षणाची कामे यांविषयी उमेदवार गप्प असतो. कारण तेथे विचारले तर तो म्हणतो, 'हे माझ्या हातात नाही.' दुर्दैवाने, बव्हंशी तो खरे बोलत असतो.

सव्वाशे वर्षांची ओढाताण

प्राथमिक शाळा कोणाच्या हाती असावी, हा वाद आजचा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणाकडे सरकारने चालविलेल्या दुर्लक्षावर कठोर टीका केली. शेतकऱ्यांकडून गोळा होणारा पैसा उच्च वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. पण त्याच निवेदनात त्यांनी आणखी एक बारीक गोष्ट मांडली. नगरपालिकांनी प्राथमिक शाळांचा आर्थिक भार उचलावा. मात्र शाळांची व्यवस्था सर्वस्वी त्यांच्या हाती सोपवू नये, त्यावर शिक्षण खात्याची देखरेख असावी. पैसा आणि आस्था स्थानिक असावी, पण गावातल्या वजनदार मंडळींच्या लहरीवर गरिबाची शाळा टांगलेली नसावी, एवढा व्यवहार त्यामागे होता.

पुढे १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेही स्थानिक संस्थांच्या खांद्यावर उभे होते. सक्ती लागू करण्याचा अधिकार स्थानिक संस्थेला आणि खर्चाचा दोन-तृतीयांश भार सरकारवर, अशी ती योजना होती. १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. त्या वेळेपावेतो बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी सक्तीचे शिक्षण संस्थानभर लागू केले होते. १९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनीही ते पाऊल टाकले. इंग्रजी मुलुखात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा देणारा कायदा मुंबई इलाख्यात झाला. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे आणि त्यांच्या स्कूल बोर्डांकडे गेला.

हा प्रयोग निर्मळ यशाचा होता असे कोणी म्हणणार नाही. अधिकार फार घाईने आणि पुरेशा देखरेखीवाचून सोपविले गेले, असा ठपका १९२९ च्या हारटॉग समितीने ठेवला. मास्तरांच्या बदल्या हे स्कूल बोर्डाच्या राजकारणाचे चलनी नाणे बनले होते, हे त्या पिढीतील शिक्षकांच्या बोलण्यात वारंवार येई. बोर्डाच्या चेअरमनच्या मर्जीतला शिक्षक गावात आणि नावडता नदीपलीकडे! १९३८ च्या दुरुस्तीने आणि १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने सरकारने लगाम पुन्हा हाती घेतला. पण मंडळे राहिली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण शाळा जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीकडे आल्या. शहरांत नगरसेवकांनी निवडलेली शिक्षण मंडळे काम करीत राहिली.

ही मंडळे २०१३ मध्ये कायद्याने मोडीत काढण्यात आली. काही शहरांत ती मुदत संपेपर्यंत रेंगाळली एवढेच. शिक्षणहक्क कायद्याने जबाबदारी थेट स्थानिक प्राधिकरणावर टाकली असताना मध्ये वेगळे मंडळ कशाला, असा त्यामागचा युक्तिवाद होता. मंडळांच्या खरेदीचे आणि बदल्यांचे किस्से ऐकून विटलेल्या नागरिकांनी या निर्णयावर अश्रू ढाळले नाहीत. परंतु मंडळाच्या जागी अधिक सक्षम, अधिक उत्तरदायी असे काय आले? काही महापालिकांत शिक्षण समित्या नेमल्या गेल्या. मुंबईत तर अशी समिती पूर्वीपासूनच होती. बाकी ठिकाणी कारभार अधिकाऱ्यांच्या टेबलावर गेला आणि तेथून मंत्रालयाकडे.

जबाबदारी येथे, अधिकार तेथे

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये नवव्या कलमात स्पष्ट नोंदविली आहेत. जवळपास शाळा उपलब्ध करणे, प्रत्येक बालकाचा प्रवेश आणि उपस्थिती पाहणे, इमारत, शिक्षक व साहित्य पुरविणे ही कामे त्याचीच. कायदा वाचला तर वाटावे की नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य हेच शाळेचे खरे विश्वस्त आहेत.

प्रत्यक्षात शिक्षकांची भरती 'पवित्र' या राज्यस्तरीय प्रणालीतून होते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या २०१७ पासून राज्य पातळीवरून संगणकीय पद्धतीने होतात. किती मुलांमागे किती शिक्षक हे संचमान्यतेचा शासननिर्णय ठरवितो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे वेतन राज्याच्या अनुदानातून येते. यांतील काही बदल स्वागतार्हच होते. बदलीसाठी पुढाऱ्याच्या ओसरीवर ताटकळणे संपले, हा शिक्षकाच्या स्वाभिमानाचा विजय होता. पण वशिला हटविताना उत्तरदायित्वही हटले. आज शाळेत शिक्षक नसेल तर पालक मुख्याध्यापकाकडे जातो, मुख्याध्यापक केंद्रप्रमुखाकडे बोट दाखवितो, केंद्रप्रमुख गटशिक्षणाधिकाऱ्याकडे, आणि ते पोर्टलकडे! पोर्टलला मत देता येत नाही आणि पाडताही येत नाही.

घटनेतही एक दुजाभाव आहे, तो फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १९९३ मध्ये अमलात आलेल्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिकांना विषय वाटून दिले. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण हा विषय सरळ नमूद आहे. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत मात्र सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाजूंचे संवर्धन एवढेच मोघम शब्द आहेत. खेड्यात जी शाळा आहे ती शहरात जणू बागबगीच्याच्या पंक्तीत जाऊन बसते.

केंद्रीकरणाची किंमत काय पडते, याचा पडताळा गणवेशाच्या प्रकरणात आला. पूर्वी गणवेश शाळा व्यवस्थापन समिती गावातच शिवून वा विकत घेई. २०२४-२५ साली साऱ्या राज्यासाठी एकच कापड, एकच रंग आणि एकच पुरवठा असा घाट घातला गेला. शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी अनेक मुलांच्या अंगावर गणवेश चढला नाही. ज्यांना मिळाला त्यांपैकी कित्येकांना मापाचा मिळाला नाही. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये हा अधिकार पुन्हा व्यवस्थापन समितीकडे देण्याचे ठरले. गावातल्या शिंप्याला जे जमत होते ते मंत्रालयाला जमले नाही. गणवेशाची चूक एका वर्षात उमगली, कारण ती डोळ्यांना दिसते. शिक्षकभरतीतील विलंबाची किंवा शाळा बंद होण्याची हानी मात्र मुलाच्या आयुष्यात दहा वर्षांनी उमटते.

सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचा विचार शासनाने पुढे आणला. अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक आणि त्यांतील मुले सुमारे १ लाख ८५ हजार. राज्याच्या नियमांनुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी. डोंगरावरील वाडीतल्या, पाड्यावरच्या मुलीची शाळा चार मैलांवर गेली तर पहिल्यांदा तिचेच शिक्षण सुटते, हे सांगायला कोणत्याही समितीची गरज नाही. एवढ्या मोठ्या प्रश्नावर जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत रणकंदन माजावयास हवे. ते माजत नाही. कारण हा निर्णय जिल्हा परिषद घेणारच नाही, हे उमेदवार आणि मतदार दोघांनाही ठाऊक असते.

परदेशातील एक दाखला

अमेरिकेत हीच गोष्ट उलट टोकाला आहे. तेथे सुमारे तेरा हजार शालेय जिल्हे असून बहुतेकांचे स्कूल बोर्ड मतदार थेट निवडतात. अधीक्षकाची नेमणूक, अंदाजपत्रक, शाळा उघडणे वा बंद करणे हे सारे बोर्डाच्या हाती. त्यामुळे उमेदवाराला शिक्षकांचे वेतन, वाचनाची पद्धत, तूट कशी भरून काढणार, याविषयी नेमके बोलावेच लागते. सॅन फ्रान्सिस्को येथे साथीच्या काळात शाळा बंद असताना बोर्ड ४४ शाळांची नावे बदलण्याच्या ठरावात गुंतले. एका नामांकित शाळेची प्रवेशपद्धतीही बदलली. पालकांचा संयम सुटला आणि १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मतदारांनी तीन सदस्यांना मुदतीपूर्वीच माघारी बोलाविले.

या व्यवस्थेचे गुणगान गाण्याचे कारण नाही. तेथेही अशा निवडणुकांना अनेकदा मूठभर मतदार येतात. गेल्या काही वर्षांत राष्ट्रीय पक्षांची भांडणे, मुखपट्टीपासून ग्रंथालयातील पुस्तकांपर्यंत, बोर्डाच्या सभांत शिरली. शिवाय श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब, हा स्थानिक मालमत्ता करावर विसंबण्याचा दोष तेथे जुनाच आहे. परंतु एक गोष्ट तेथील पालकाला मिळते ती आपल्याला मिळत नाही. कोणाला विचारायचे हे त्याला ठाऊक असते.

हाती जे आहे त्याचा हिशेब

म्हणून काय, आपल्या उमेदवारांना सोडून द्यायचे? मुळीच नाही. 'माझ्या हातात नाही' ही सबब अर्धीच खरी आहे. इमारत, पाणी, स्वच्छतागृह, सफाई, रखवाली, मैदान, बालवाडी यांवर महापालिकेचा ताबा अजून आहे. शिक्षणासाठी अंदाजपत्रकात केलेली तरतूद आणि प्रत्यक्ष झालेला खर्च यांतील अंतर सभागृहात विचारता येते. बंद पडलेल्या शाळेची इमारत आणि विकास आराखड्यात शाळेसाठी राखलेला भूखंड कोणाच्या घशात जातो, यावर पहारा ठेवणे हे तर नगरसेवकाचेच काम. जिल्हा परिषदेला स्वतःच्या उत्पन्नातून शाळेचे वीजबिल भरता येते.

मतदाराने उमेदवाराला विचारावे, ते असे. आपल्या प्रभागातल्या शाळा किती, त्यांतील मुले किती आणि शिक्षकांच्या रिकाम्या जागा किती, हे आकडे तोंडपाठ आहेत काय? नसतील तर निवडून आल्यावर दर सहामाहीस ते जाहीर करण्याचे वचन देता काय? मागील सभागृहात शाळांवर आपण किती वेळा बोललात? कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक असावे लागतात; त्या समितीची सभा खरोखर होते की सह्यांचे कागद घरोघर फिरतात, याची चौकशी आपण कधी केली काय? हे प्रश्न साधे आहेत. परंतु त्यांना टॅब वाटून उत्तर देता येत नाही.

उमेदवारांनी एकमुखाने एक मागणीही राज्याकडे करावयास हवी. जुनी शिक्षण मंडळे जशीच्या तशी परत आणू नयेत. प्रत्येक महापालिकेत, नगरपालिकेत आणि जिल्हा परिषदेत शिक्षण समितीला मात्र मोजके पण खरे अधिकार मिळावेत. रिकाम्या जागी ठराविक मुदतीत पात्र शिक्षक तात्पुरता नेमण्याचा अधिकार हा पहिला. ग्रामसभेच्या किंवा प्रभाग समितीच्या ठरावावाचून एकही शाळा बंद करता येणार नाही, ही तरतूद दुसरी. प्रत्येक शाळेचा वार्षिक अहवाल सभागृहापुढे मांडून त्यावर चर्चा करणे बंधनकारक असावे, ही तिसरी. नियमित भरती आणि बदल्या राज्याकडेच राहू द्याव्यात. तेथे स्थानिक हात शिरला की काय होते हे आपण एकदा भोगले आहे. अधिकार स्थानिक आणि देखरेख राज्याची, ही फुल्यांनी १८८२ मध्ये सुचविलेली मर्यादा आजही शहाणपणाची आहे.

'यांच्या हाती अधिकार द्याल तर पुन्हा येरे माझ्या मागल्या,' असा आक्षेप येईलच. तो अनुभवातून आलेला आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. परंतु अधिकार वर नेल्याने भ्रष्टाचार संपतो, हा समज गणवेशाइतकाच अनेक बाबतींत खोटा ठरला आहे. वर नेल्याने चूक मोठी होते आणि चूक करणारा दिसेनासा होतो, एवढेच.

शेवटी एक अप्रिय गोष्ट बोललीच पाहिजे. या पानाचा वाचक बहुधा शिक्षक आहे, कारकून आहे, महाविद्यालयात शिकणारा तरुण आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले नगरपालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या शाळेत जात नाहीत. काही ठिकाणी तर तेथे शिकविणाऱ्यांचीही जात नाहीत. मध्यमवर्गाने या शाळा सोडल्या तेव्हाच त्या निवडणुकीच्या विषयपत्रिकेवरून खाली घसरल्या. आता तेथे उरली आहेत ती ऊसतोड्याची, घरकाम करणारीची, बांधकामावरल्या मजुराची मुले. त्यांच्या आईबापांना मत आहे, पण सभेत उभे राहून प्रश्न विचारण्याची उसंत नाही. निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर बसणारा बहुधा त्यांच्याच मुलांचा शिक्षक असतो. शिक्षकाला शिक्षणबाह्य काम देऊ नये असे सांगणाऱ्या कायद्याने निवडणुकीला मात्र अपवाद केला आहे. केंद्रही पुष्कळदा त्यांच्याच शाळेच्या वर्गात असते. शाळेची भिंत, शाळेचा बाक आणि शाळेचा मास्तर वापरून जे सभागृह निवडले जाते, त्याने त्या शाळेविषयी बोलण्यास नकार द्यावा, हे चालू देता कामा नये. नव्या सभागृहांची अंदाजपत्रके आता दरवर्षी येतील. त्यांत शाळेचे पान कोणते आणि त्यावर कोण काय बोलले, एवढे तरी आपण वाचावे, आणि जो बोलला नाही त्याला पुढच्या वेळी त्याचे कारण विचारावे.